खेळ खेळणारा नको, खेळ बनवणारा हवा

पोरगं मोबाईलवर खेळत बसलं की आपण ओरडतो. ते रास्तच आहे. पण तोच खेळ त्याला स्वतः बनवायला लावला, तर त्याचा अभ्यास होतो. संगणकाला कामाचा क्रम नेमका सांगणे म्हणजे कोडिंग. सहावी ते आठवीत त्याची ओळख व्हावी, असे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० सांगते.

अमेरिकेतील एमआयटी संस्थेने २००७ मध्ये मुलांसाठी ‘स्क्रॅच’ आणले. ते मोफत आहे. सूचनांचे रंगीत ठोकळे एकाखाली एक जोडायचे, की चित्र हलू लागते. एकदा संगणकात घेतले की इंटरनेट नसले तरी चालते. पवईच्या आयआयटीतील प्रा. श्रीधर अय्यर यांच्या गटाने शाळांसाठी केलेल्या ‘कॉम्प्युटर मस्ती’ अभ्यासक्रमातही स्क्रॅच आहे.

बेलवलीच्या पोरांना विषय शोधायला लांब जायला नको. भातावरचा खोडकिडाच घ्या. पडद्यावर खाचर, त्यावर पिवळे पतंग. नियम असा : कीडग्रस्त फुटवे ५ टक्के झाले, किंवा चौरस मीटरला एक अंडीपुंज दिसला, तरच फवारणी. आधीच फवारले तर कोळी, चतुर हे मित्रकीटक मरतील आणि गुण कापले जातील.

आता यात शिकणे कुठे आले? फवारणीचा नियम ‘जर–तर’ने लिहावा लागतो. रोजची पाहणी ‘पुन्हा पुन्हा’च्या ठोकळ्यात बसते. फुटव्यांची टक्केवारी काढताना गणित येते. नियम चुकला की खेळ फसतो, मग चूक पोरगंच शोधतं. आणि उद्या तेच तुम्हाला विचारेल, “बाबा, फुटवे मोजले का? मग पंप कशाला काढला?” फवारणीचा फुकटचा खर्च तिथेच वाचेल.

संगणक थोडे असतील तर दोघा-तिघांत एक द्या. मात्र मुलींचा हातही माऊसवर पडला पाहिजे. वीज गेली तर अंगणात चौकोन आखा. एकाने सूचना द्यायची, दुसऱ्याने यंत्रासारखे तेवढेच पाऊल टाकायचे.

सरकारी व अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात, म्हणजे तुम्हीच. पुढच्या सभेत तीन गोष्टी विचारा : संगणक चालू आहेत का? आठवड्याला तास किती? शिकवणाऱ्या गुरुजींना प्रशिक्षण मिळाले का? अडचण निघाली तर ग्रामपंचायत असो वा नगरपरिषद, लेखी मागणी करा. कपाटात बंद पडलेला संगणक आणि कोठीत राहिलेले बियाणे, दोन्ही उगवत नाहीत.