भारतातील वायुप्रदूषणाचे आर्थिक मूल्य

भारतातील वायुप्रदूषणाचे आर्थिक मूल्य म्हणजे दूषित हवेमुळे होणारे अकाली मृत्यू, आजारपण, बुडालेले कामाचे दिवस, घटलेले पीक-उत्पादन आणि मालमत्तेची झीज यांपोटी देशाच्या अर्थव्यवस्थेला सोसावा लागणारा तोटा होय. हा तोटा किती, याचे अंदाज स्थूल देशांतर्गत उत्पादनाच्या एक टक्क्याहून कमी ते साडेसात टक्क्यांहून अधिक इतके विखुरलेले आहेत. ही तफावत मुख्यतः प्रदूषणाच्या मोजमापामुळे नव्हे, तर मानवी जीविताचे मोल कसे ठरवायचे यावरील मतभेदामुळे पडते.

== स्वरूप ==

या तोट्याचा सर्वांत मोठा वाटा अतिसूक्ष्म धूलिकणांकडे, म्हणजे २.५ मायक्रोमीटर किंवा त्याहून कमी व्यासाच्या पीएम २.५ कणांकडे जातो. हे कण फुप्फुसांत खोलवर पोहोचतात व हृदयविकार, पक्षाघात, दीर्घकालीन श्वसनविकार, फुप्फुसाचा कर्करोग आणि मधुमेह यांचा धोका वाढवतात. कोळशावरील वीजकेंद्रे, कारखाने, वीटभट्ट्या, वाहने, डिझेल जनित्रे, बांधकामाची धूळ, शेतातील काडीकचरा जाळणे आणि चुलीतील लाकूड-गोवऱ्या हे त्यांचे प्रमुख स्रोत आहेत. भारताने २००९ मध्ये पीएम २.५ साठी दर घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम ही वार्षिक मर्यादा ठरवली. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचवलेली मर्यादा ५ मायक्रोग्रॅम आहे.

अर्थशास्त्रात अशा हानीला 'बाह्य खर्च' म्हणतात. कोळसा जाळून तयार झालेल्या विजेच्या देयकात कोळशाची किंमत असते, परंतु केंद्राच्या परिसरातील रुग्णाच्या औषधांची नसते. राष्ट्रीय हिशोबातही ही हानी सरळ दिसत नाही. उलट, दम्याची औषधे, रुग्णालयातील खाटा आणि हवाशुद्धीकरण यंत्रे यांवरील खर्च उत्पादनाच्या आकड्यात भरच घालतो.

== मोजणीच्या पद्धती ==

प्रचलित पद्धती दोन आहेत. 'मानवी भांडवल' पद्धतीत अकाली मरण पावलेली व्यक्ती जगली असती तर उर्वरित आयुष्यात तिने किती उत्पादन केले असते, याचा हिशोब होतो. आकडा राष्ट्रीय उत्पन्नाशी थेट ताडून पाहता येतो, हा तिचा फायदा. मात्र ती काटेकोरपणे लावल्यास निवृत्त वृद्धाच्या मृत्यूची किंमत जवळजवळ शून्य ठरते आणि वेतन नसलेल्या गृहिणीच्या श्रमाची दखल वेगळी तजवीज केल्याशिवाय घेतली जात नाही. स्वयंपाकघरातील धुराचा सर्वाधिक त्रास भारतात स्त्रियांनाच होत असल्यामुळे ही उणीव किरकोळ नाही.

दुसरी पद्धत 'सांख्यिकीय जीवितमूल्या'ची. समजा, मृत्यूचा धोका लाखात एकाने कमी व्हावा यासाठी प्रत्येक जण ५०० रुपये मोजायला तयार आहे. अशा एक लाख लोकांची मिळून तयारी ५ कोटी रुपयांची होते, आणि त्यांच्यातील सरासरी एक मृत्यू टळतो. हे ५ कोटी म्हणजे एका सांख्यिकीय जीविताचे मूल्य. ही रक्कम कोणाच्या खिशातून गेलेली नसते; लोक सुरक्षिततेला किती महत्त्व देतात, एवढेच ती सांगते. त्यामुळे तिची राष्ट्रीय उत्पादनाशी टक्केवारीत केलेली तुलना जपूनच वाचावी लागते. शिवाय पैसे मोजण्याची तयारी उत्पन्नावर अवलंबून असल्याने गरीब प्रदेशातील जीव स्वस्त ठरतो, हा आक्षेप दोन्ही पद्धतींना लागू पडतो.

जागतिक बँकेच्या २०१६ मधील अहवालात दोन्ही पद्धती शेजारी-शेजारी वापरल्या आहेत. २०१३ या एकाच वर्षातील भारतातील त्याच सुमारे १४ लाख मृत्यूंसाठी बुडालेल्या श्रम-उत्पन्नाचा तोटा देशांतर्गत उत्पादनाच्या ०.८४ टक्के, तर जीवितमूल्याच्या पद्धतीने कल्याणाची हानी सुमारे ७.७ टक्के निघाली.

== राष्ट्रीय अंदाज ==

जागतिक बँकेच्या २०१३ मधील एका अभ्यासाने २००९ साली भारतातील पर्यावरणीय ऱ्हासाची एकूण किंमत उत्पादनाच्या ५.७ टक्के मांडली. त्यात बाहेरील हवेच्या प्रदूषणाचा वाटा १.७ टक्के आणि घरातील धुराचा १.३ टक्के होता.

सर्वाधिक उद्धृत होणारा अंदाज डिसेंबर २०२० मध्ये 'द लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यानुसार २०१९ मध्ये भारतातील १६.७ लाख मृत्यू, म्हणजे एकूण मृत्यूंपैकी १७.८ टक्के, वायुप्रदूषणाशी निगडित होते. उत्पादनाची हानी ३६.८ अब्ज डॉलर, म्हणजे १.३६ टक्के होती; पैकी २८.८ अब्ज अकाली मृत्यूंमुळे व ८ अब्ज आजारपणामुळे. १९९० ते २०१९ या काळात घरातील धुरामुळे होणाऱ्या मृत्यूंचा दर ६४.२ टक्क्यांनी घटला, तर बाहेरील धूलिकणांमुळे होणाऱ्या मृत्यूंचा दर ११५.३ टक्क्यांनी वाढला.

राज्यांमधील फरक लक्षणीय आहे. दरडोई तोटा दिल्लीत सर्वाधिक होता, परंतु राज्याच्या उत्पादनाच्या प्रमाणात पाहता उत्तर प्रदेश २.१५ टक्क्यांसह पहिला आणि बिहार १.९५ टक्क्यांसह त्याच्या मागे होता. दिल्लीतील हिवाळी धुरक्याची चर्चा देशभर होते. गंगेच्या मैदानातील गरीब राज्यांवरचा तुलनेने जड भार मात्र बातम्यांत क्वचितच येतो.

== शेती व ऊर्जा ==

मृत्यूंवर आधारित अंदाजांत शेतीची हानी येत नाही. वाहने व उद्योगांतून निघणाऱ्या वायूंवर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन जमिनीलगत ओझोन तयार होतो आणि तो पानांतील प्रकाशसंश्लेषण मंदावतो. पुण्यातील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या शास्त्रज्ञांचा सहभाग असलेल्या २०१४ मधील अभ्यासानुसार, ओझोनमुळे २००५ मध्ये देशात सुमारे ३५ लाख टन गहू व २१ लाख टन तांदूळ कमी पिकला. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका संशोधनात, हवामानबदल आणि प्रदूषके यांच्या एकत्रित परिणामामुळे २०१० मधील गव्हाचे उत्पादन एरवीपेक्षा ३६ टक्क्यांपर्यंत कमी असल्याचे आढळले. त्यातील बहुतांश घट प्रदूषकांमुळे होती.

सौरऊर्जेलाही याची झळ बसते. गांधीनगर येथील आयआयटीत सौर पट्टिका काही आठवड्यांनी पुसल्यावर त्यांची कार्यक्षमता दर वेळी सुमारे निम्म्याने वाढत असल्याचे २०१७ मधील अभ्यासात दिसले.

== नियंत्रणाचा खर्च ==

जानेवारी २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात २०२४ पर्यंत धूलिकण २०१७ च्या तुलनेत २० ते ३० टक्क्यांनी घटवण्याचे उद्दिष्ट होते; पुढे ते २०२५-२६ पर्यंत ४० टक्के करण्यात आले. कार्यक्रमातील १३० शहरांत मुंबई, पुणे, नागपूर, सोलापूर व चंद्रपूर यांचा समावेश आहे. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ इंधन व वाहन मानके लागू झाली.

वीजकेंद्रांबाबत मात्र खर्चाचा प्रश्न निर्णायक ठरला. डिसेंबर २०१५ च्या अधिसूचनेने धुरातील गंधक काढणारी संयंत्रे दोन वर्षांत बसवणे आवश्यक झाले होते. उद्योगाने भांडवली खर्च व वीजदरवाढीचे कारण पुढे केले आणि मुदत वारंवार वाढत गेली. जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने बहुतेक केंद्रांना या अटीतून सूट दिली. संयंत्राचा खर्च कंपनीच्या ताळेबंदात आकड्यांनिशी दिसतो. ते न बसवल्याने होणारा खर्च अनेक जिल्ह्यांतील कुटुंबांमध्ये विखुरलेला असतो आणि तो कोणत्याही एका ताळेबंदात येत नाही.