मागचे स्पीकर नवे, मग बेस कुठे गेला?

मित्राच्या हॅचबॅकमध्ये मागे नवे ६×९ इंची स्पीकर बसले. आवाज भरपूर, पण ढोलकीची थाप अगदी पोकळ. तो लगेच अ‍ॅम्प घ्यायला निघाला होता. थांबवला!

आधी फेडर पूर्ण मागे न्या, मग बॅलन्स एका बाजूला. एकटा स्पीकर वाजताना बेस वाढला, तर दोघांपैकी एकाच्या प्लस-मायनस वायर उलट्या आहेत, असं समजा.

असं का होतं? एका स्पीकरचा कोन (पडदा) पुढे येतो तेव्हा दुसऱ्याचा मागे जातो. ६० हर्ट्झची ध्वनिलहर जवळपास पावणेसहा मीटर लांब असते. गाडीत दोन्ही स्पीकर इतके जवळ, की उलट्या लहरी एकमेकींना खाऊन टाकतात. बारीक, तीव्र आवाज मात्र शाबूत राहतो, म्हणून दोष पटकन कळत नाही.

खात्री करायची? स्पीकरच्या वायर स्टीरिओपासून सोडवा आणि १.५ व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा. सेलचा प्लस स्पीकरच्या प्लसला लावल्यावर कोन बाहेर यायला हवा.

स्टीरिओतला हाय-पास फिल्टरही बघा. तो १२० हर्ट्झवर असेल, तर खालचा बेस स्पीकरपर्यंत पुरेसा पोहोचतच नाही.

उरली पार्सल ट्रे. पातळ, थरथरणारी ट्रे बेसची वैरीण. खाली प्लायवूड द्या, स्पीकरभोवतीच्या फटी फोम टेपने बुजवा. माझ्या मते महागड्या स्पीकरपेक्षा हे काम जास्त महत्त्वाचं.

मित्राच्या गाडीत डाव्या स्पीकरची वायर उलटी निघाली. अ‍ॅम्पचा खर्च वाचला.

तुमची गाडी आणि स्टीरिओ कोणता ते कमेंटमध्ये लिहा, सेटिंग सांगतो.