केंद्रकातील डीएनएचे रंजन आणि क्रोमॅटिनची रचना

मानवी पेशीच्या केंद्रकात सुमारे २ मीटर लांबीचा डीएनए सामावलेला असतो. केंद्रकाचा व्यास मात्र ६ मायक्रोमीटरच्या आसपास असतो. हे प्रमाण पाच लाख पटींनी वाढविले, तर जोगेश्वरीच्या एखाद्या चाळीतील दहा फुटी खोलीत १ मिलिमीटर जाडीचा १,००० किलोमीटर दोरा भरून ठेवल्यासारखे होईल. तो सरळ ताणल्यास नागपूरच्याही पलीकडे जाईल. प्रत्यक्षात हा दोरा अखंड नसून ४६ गुणसूत्रांत विभागलेला असतो. प्रथिनांभोवती वेढे घेऊन बनलेल्या त्याच्या रूपास क्रोमॅटिन म्हणतात. कोणती जनुके कार्यरत व्हावीत हे या गुंडाळणीवर पुष्कळ अंशी अवलंबून असल्याने तिची रचना जाणणे अगत्याचे ठरते.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात प्रतिमेचा गडदपणा अणूंच्या भारानुसार ठरतो. डीएनए हा कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजन, फॉस्फरस अशा हलक्या मूलद्रव्यांचा बनलेला असल्याने तो आपोआप उठून दिसत नाही. म्हणून युरेनियम (अणुक्रमांक ९२), शिसे (८२) किंवा ऑस्मियम (७६) यांसारख्या जड धातूंचे रंजन द्यावे लागते. येथे रंजन म्हणजे रंग नव्हे, तर घनता होय.

युरेनिल ॲसिटेट हे सर्वांत परिचित रंजक डीएनएच्या फॉस्फेट गटांशी बांधले जाते. परंतु आरएनए व प्रथिने यांनाही ते सोडत नाही. बर्नहार्ड यांनी १९६९ साली या उणिवेतून वाट काढली. युरेनिलने रंजित केलेल्या छेदावर ईडीटीएची क्रिया केल्यास क्रोमॅटिन फिके पडते आणि आरएनएयुक्त कण गडद राहतात. क्रोमॅटिनचे स्थान अशा रीतीने अप्रत्यक्षपणे कळते. प्रत्यक्ष रंजनासाठी गोतिये व कोग्लियाती यांनी १९७३ साली ऑस्मियम-अमाइन वापरले. आम्लाच्या क्रियेने डीएनएमधील प्युरिने सुटून अल्डिहाइड गट मोकळे होतात व रंजक त्यांच्याशी जोडला जातो. फॉयलगेन यांच्या १९२४ च्या प्रसिद्ध अभिक्रियेचेच हे तत्त्व आहे.

१९७४ साली ओलिन्स दांपत्याने अल्प क्षारतेच्या द्रावणात पसरविलेले क्रोमॅटिन मण्यांच्या माळेसारखे दिसते, हे दाखविले. हे मणी म्हणजेच न्यूक्लिओसोम. पुढे फिंच व क्लुग यांनी १९७६ साली ही माळ वेटोळ्यांत गुंडाळून सुमारे ३० नॅनोमीटर जाडीचा तंतू बनतो, असे मांडले, आणि ते चित्र पाठ्यपुस्तकांत रूढ झाले. मात्र असे तंतू प्रामुख्याने पेशीबाहेर काढलेल्या क्रोमॅटिनात दिसत होते. २०१७ साली अमेरिकेतील ओ'शी यांच्या गटाने डीएनएशी बांधला जाणारा ड्राक-५ हा प्रकाशसंवेदी रंजक अखंड पेशींत वापरला. प्रकाश पडताच तो क्रियाशील ऑक्सिजन निर्माण करतो. त्यायोगे डायअमिनोबेन्झिडिनचे बहुवारिक डीएनएलगत साचते व त्यावर ऑस्मियम बसते. या पद्धतीने ५ ते २४ नॅनोमीटर जाडीच्या, लवचीक व अनियमित साखळ्या आढळल्या. ३० नॅनोमीटरचा नियमित तंतू आढळला नाही.

मुंबईत या प्रश्नाला विशेष महत्त्व आहे. परळ येथे १९५२ साली स्थापन झालेल्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये डॉ. सत्यवती सिरसाट यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शनाच्या साहाय्याने कर्करोगाचा अभ्यास केला. कर्कपेशीच्या केंद्रकात क्रोमॅटिनचे पुंजके अनियमित होतात, आणि रोगनिदान करणारा तज्ज्ञ त्यांकडे बारकाईने पाहतो. ते पुंजके पेशीचेच आहेत की स्थिरीकरण, निर्जलीकरण व रंजन यांमुळे उद्भवलेले, हे ठरविल्याशिवाय निष्कर्षाला आधार राहत नाही.

यासाठी एक नियंत्रण-प्रयोग नित्य करावा. समान जाडीच्या दोन छेदांपैकी एकावर डीएनेझ विकराची क्रिया करून दोन्ही एकाच वेळी रंजित करावेत. विकराच्या क्रियेनंतरही गडदपणा तसाच राहिला, तर जे दिसले त्यास डीएनए म्हणता येणार नाही.