आम्लपित्ताच्या गोळीमागचा बारीक मजकूर

लग्नाच्या पंगतीत भज्यांवर ताव मारला आणि रात्री छातीत जळजळ सुरू झाली, की घरातले कुणीतरी गुलाबी किंवा पांढरी गोळी पुढे करते. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळते म्हणून ती निरुपद्रवी, असा सर्वसाधारण समज आहे. एखाद्या वेळी घेणाऱ्या धडधाकट माणसापुरता तो खराही आहे. तरीपण पाकिटामागचा मजकूर, भिंग घेऊन का होईना, एकदा वाचावा.

बहुतेक गोळ्यांत ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड आणि मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड ही जोडी आढळते. दोन्ही जठरातील आम्लाचा जोर मोडतात. मग दोन कशाला? पहिल्याने मलावरोध होतो, दुसऱ्याने पोट सुटते. एकाने दुसऱ्याला आवर घालावा म्हणून ही सांगड. सायमेथिकोन आम्लाला हात लावत नाही, ते फक्त वायूचे बुडबुडे फोडते. कॅल्शियम कार्बोनेट म्हणजे शिंपल्यात असते तेच द्रव्य. त्याच्या ५०० मिलिग्रॅममध्ये २०० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. हाडांसाठी आधीच कॅल्शियम घेणाऱ्यांनी ते हिशेबात धरावे.

पाण्यात फसफसणाऱ्या पुडीत मुख्यतः खायचा सोडा आणि सायट्रिक आम्ल असते. सोड्याचे नाव काही पाकिटांवर ‘स्वर्जिकाक्षार’ असे संस्कृतात छापतात. नाव बदलले तरी सोडा तोच. एक ग्रॅम सोड्यात सुमारे २७० मिलिग्रॅम सोडियम असते. रक्तदाबासाठी भाजी अळणी खायची आणि वर ही पुडी प्यायची, म्हणजे पथ्य पाण्यात!

मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी तर यातले काहीही स्वतःच्या मनाने घेऊ नये. ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियम लघवीवाटे नीट बाहेर पडत नाहीत व शरीरात साठत जातात. लोहाच्या गोळ्या, डॉक्सिसायक्लिन किंवा सिप्रोफ्लॉक्सासिनसारखी प्रतिजैविके यांच्याबरोबरही ही गोळी घेऊ नये, त्यांचे शोषण घटते. दोघांत किती तासांचे अंतर हवे ते डॉक्टरांना विचारावे. थायरॉइडच्या गोळीपासून मात्र चार तास दूर ठेवावी.

‘च्युएबल’ असे छापले असेल, तर गोळी चावूनच खायची. अख्खी गिळली तर तिचा गुण नीट येत नाही. रिकाम्या पोटी तिचा असर जेमतेम अर्धा तास टिकतो. जेवणानंतर तासाभराने घेतली तर दोन-तीन तास.

पाकिटावर न छापलेली एक गोष्टही सांगायला हवी. छातीत दडपण, दरदरून घाम, कळ डाव्या हातात किंवा जबड्यात जाणे, ही लक्षणे ‘गॅस’ समजून गोळी चघळत बसण्यात जिवावर बेततो तो वेळ जातो. तडक इस्पितळ गाठावे. शौचाला डांबरासारखे काळे होणे, गिळताना अडकणे, वजन उतरणे किंवा दोन आठवडे रोज गोळी लागणे, यातले काही असेल तर डॉक्टरांकडे जावे.

दुकानदार कात्रीने चार गोळ्या कापून देतो, तेव्हा मुदतीची तारीख बहुधा उरलेल्या तुकड्यावर दुकानातच राहते. ती पाहूनच पैसे द्यावेत.