सायकलला हक्काची जागा

मुंबईच्या पूर्व भागात चेंबूर नावाचे उपनगर आहे. १९५० नंतर तिथली वस्ती भराभर वाढली. जवळच माहुल गावाकडे तेल शुद्ध करण्याचे मोठे कारखाने निघाले. सरकारी गृहनिर्माण मंडळाने टिळकनगर, सुभाषनगर, सहकारनगर अशा वसाहती बांधल्या. त्यांतल्या पुष्कळ इमारती आता पाडल्या आहेत. त्या जागी उंच उंच इमारती उभ्या राहिल्या आहेत.

इमारती वाढल्या, मोटारी वाढल्या. पण सायकल काही गेली नाही. पहाटे पेपर टाकणारा पोरगा सायकलवर येतो. दूधवाला येतो, इस्त्रीवाला येतो. रात्रपाळीचा रखवालदार येतो. शाळेची मुले येतात-जातात. यांतले पुष्कळ जण आपल्यासारख्याच गावांतून पोटासाठी मुंबईला गेलेले. त्यांची सायकल म्हणजे शेतकऱ्याचा बैल समजा. बैल गेला तर पेरणी अडते. सायकल गेली तर रोजचे काम अडते.

मग ही सायकल ठेवायची कुठे? मोटारीसाठी पांढऱ्या रेघा मारलेल्या असतात. सायकलसाठी बहुधा काहीच नसते. कोणी ती भिंतीला टेकवतो. तिथे ती पावसात भिजते आणि गंजते. कोणी पाण्याच्या नळाला बांधतो. कोणी जिन्याखाली ठेवतो. जिन्यात ठेवणे तर फार वाईट. आग लागली, तर त्याच वाटेने माणसांना खाली यायचे असते. त्याच वाटेने बंबवाल्यांना वर जायचे असते. अंधारात, धुरात पाय सायकलीत अडकला तर जीव जाईल.

आता विचारा, ही जागा कोणाची? इमारतीतले लोक मिळून सहकारी गृहनिर्माण संस्था काढतात. तिलाच सगळे सोसायटी म्हणतात. मुंबईतल्याच दहिसरला पांचाली नावाची अशी एक सोसायटी आहे. तिथे इमारत बांधणारा म्हणाला, खांबांमधली मोटारींची जागा माझी, ती मी वेगळी विकणार. भांडण दिल्लीपर्यंत गेले. २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, १९६३ च्या कायद्याप्रमाणे ती जागा सगळ्यांची आहे, ती वेगळी विकता येत नाही. पुढे २०१६ साली नवा कायदा झाला. त्यातही उघड्यावरची वाहनांची जागा सामाईकच धरली आहे. नव्या इमारतीत छताखालची जागा मात्र करार करून विकत घेतलेली असू शकते. म्हणून कागद वाचून पाहावा.

सामाईक जागेत कोणते वाहन कुठे ठेवायचे, हे सभासदांची सर्वसाधारण सभा ठरवते. मोटारीला जागा देणारी सभा सायकललाही जागा देऊ शकते.

जागा फार लागत नाही. एका मोठ्या मोटारीला सुमारे १८ फूट लांब आणि ८ फूट रुंद जागा लागते. तेवढ्यात १० सायकली बसतात. कशा, ते पाहा.

लोखंडी नळी वाकवून कमान करावी. कमान अडीच फूट उंच आणि तेवढीच लांब असावी. तिचे दोन्ही पाय सिमेंटात पक्के रोवावेत. अशा ५ कमानी साडेतीन-साडेतीन फुटांवर लावाव्यात. दोन्ही टोकांना दोन-दोन फूट सोडावेत. कमानीच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक सायकल उभी करावी. एकीचे तोंड इकडे, दुसरीचे तिकडे. म्हणजे हॅंडल हॅंडलात अडकत नाही.

काही ठिकाणी नुसते पुढचे चाक अडकवायचे स्टँड असते. ते घेऊ नये. सायकल कलंडली की चाक वाकते. शिवाय नुसत्या चाकाला कुलूप लावले, तर चोर चाक सोडून बाकीची सायकल नेतो. कमानीला सायकलची चौकट आणि चाक दोन्ही बांधता येतात.

वर पत्रा हवा. जमीन चार बोटे उंच हवी, म्हणजे पावसाचे पाणी साचत नाही. चढायला पायरी नको, उतार हवा. जवळ दिवा हवा. जागा रखवालदाराच्या नजरेत हवी. एक-दोन कमानी दूधवाला, पेपरवाला यांच्यासाठी राखाव्यात.

कित्येक सायकली वर्षानुवर्षे धूळ खात पडलेल्या असतात. त्यांना चिठ्ठी बांधावी. फळ्यावर सूचना लावून महिन्याची मुदत द्यावी. मालक आला नाही, तर पुढे काय करायचे ते सभेत ठरवावे. परस्पर भंगारात घालू नये. ती कोणा गरिबाची असायची.

हे सगळे मागायचे कसे? तोंडी सांगितलेले विसरले जाते. लिहिलेले राहते. सभासदाने असा अर्ज द्यावा :

‘मा. चिटणीस यांस, स. न. वि. वि. आपल्या आवारात सायकली ठेवण्यास जागा नाही. त्या जिन्यात ठेवल्याने धोका आहे. तरी ५ कमानी व पत्रा बसवण्याचा विषय पुढील सभेपुढे घ्यावा, ही विनंती. कळावे.’

खाली नाव, तारीख आणि सही. दोन प्रती कराव्यात. एक द्यावी आणि दुसरीवर पोच घ्यावी. रखवालदार किंवा दूधवाला सभासद नसतो. त्याने आपले म्हणणे एखाद्या सभासदाकडून मांडून घ्यावे.

चेंबूरला जे करता येते, ते आपल्या गावातही करता येते. शाळेपुढे, एस. टी. थांब्यावर, बाजारात सायकली कशा उभ्या असतात ते एकदा पाहून या. मग ग्रामसभेसाठी अर्ज लिहायला बसा. आता आपल्याला लिहिता येते.