ड्रायर नीट पिळत नाही? मोटरला दोष देण्याआधी हे तपासा

बुलढाणा शहर अजिंठ्याच्या डोंगररांगेत, समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसहाशे मीटर उंचीवर आहे. पावसाळ्यात झड लागली की दोरीवरची जीन्स दोन-दोन दिवस ओलीच राहते. अशा दिवसांत वसतिगृहातल्या किंवा चार-पाच भाडेकरूंच्या वाड्यातल्या एकमेव जुन्या सेमी-ऑटोमॅटिक मशीनवर सगळ्यांची भिस्त असते. त्यातला ड्रायर मंदावला की कोणीतरी निदान करून मोकळं होतं : ‘मोटर गेली.’ मग मशीन कोपऱ्यात पडून राहतं, नाहीतर भंगारात जातं. बहुतेक वेळा मोटर शाबूत असते. बिघाड दुसरीकडेच असतो आणि तो स्वस्तात निघतो.

आधी एक मूळ समजूत दुरुस्त करू. हा ड्रायर कपडे वाळवत नाही, तो पिळतो. त्यात हीटर नसतो, गरम हवा नसते. साधारण वीतभर रुंदीचा भोकाभोकांचा टब मिनिटाला सुमारे १३०० ते १४०० फेरे घेतो. त्या वेगाला कपड्यांतल्या पाण्यावर गुरुत्वाकर्षणाच्या दोनशे-अडीचशे पट जोर पडतो आणि पाणी भोकांतून बाहेर फेकलं जातं. धाग्याने धरून ठेवलेला उरलेला ओलावा वाऱ्यानेच जायचा असतो. सुती टॉवेल ड्रायरमधून दमट निघाला आणि टेरिकॉटचा शर्ट जवळपास कोरडा निघाला, तर तो मशीनचा दोष नाही. नेहमीच्या हवेतही कापूस वजनाच्या साडेआठ टक्के ओलावा धरून असतो, पॉलिएस्टर अर्धा टक्काही धरत नाही.

तरी हे पिळणं फार मोलाचं आहे. एक लिटर पाण्याची वाफ करायला सुमारे पाऊण युनिट ऊर्जा लागते. तेच पाणी ड्रायर पाच मिनिटांत फेकून देतो आणि त्याला युनिटचा जेमतेम साठावा-सत्तरावा भाग लागतो. ‘जुना ड्रायर वीज फार खातो, बंदच ठेवा’ असं म्हणणाऱ्यांनी हा हिशेब जरूर करून पाहावा.

आता बिघाडाकडे. पिळण्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. वेग निम्मा झाला की जोर चौथ्या हिश्श्यावर येतो. म्हणून टब फिरताना दिसतो, आवाजही येतो, पण कपडे ओलेगच्च निघतात. अशा वेळी ‘फिरतोय ना?’ हा प्रश्नच चुकीचा ठरतो. तो पुरेशा वेगाने फिरतोय का, आणि नसेल तर त्याला कोण अडवतंय, हे शोधायचं.

सगळ्यात साधं कारण म्हणजे तुंबलेलं पाणी. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये ड्रायरचं पाणी उतारानेच जातं. सामाईक मोरीत पाइपाचं तोंड उंबऱ्यावर किंवा विटेवर टेकवलेलं असतं, आत साबणाचा गाळ, धागे, एखादं बटण अडकलेलं असतं. पाणी बाहेरच्या डब्यात साचतं आणि टब त्या पाण्यात फिरत राहतो. पाइप काढून, उलटा धरून, जोराच्या पाण्याने धुतला आणि जमिनीलगत सरळ उताराने ठेवला की कित्येक ‘मोटर गेलेले’ ड्रायर तिथेच सुधारतात. यासाठी मिस्त्रीही लागत नाही.

दुसरं कारण ब्रेक, आणि याच्याकडे क्वचितच कोणाचं लक्ष जातं. ड्रायरचं झाकण एका तारेने मोटरवरच्या ब्रेकला जोडलेलं असतं. झाकण बंद असताना तार ओढलेली राहते आणि ब्रेकचा तुकडा चकतीपासून दूर असतो. झाकण उघडलं की तार सैल पडते, स्प्रिंग तो तुकडा चकतीवर दाबते आणि टब थांबतो. दिवसभरात अनेक हात झाकण उघडतात, आपटतात. काही वर्षांत तार लांबते. मग झाकण बंद असतानाही ब्रेक चकतीला घासत राहतो. खसखस आवाज येतो, रबर जळाल्याचा वास येतो आणि वेग मरतो. तपासायचं असेल तर आधी प्लग काढा. मागचं पॅनेल उघडा, झाकण बंदच ठेवा आणि मोटरच्या डोक्यावरची चकती बोटाने ढकलून पाहा. सोडल्यावर ती सहज फिरत राहिली तर ब्रेक मोकळा आहे. घासून जागच्या जागी थांबली तर तार ताणून घ्यायची असते. टबाखाली मोजा किंवा हातरुमाल अडकला असेल तर तोही इथेच कळतो.

तिसरं कारण कंडेन्सर. मोटर नुसती घुंऽऽ करते आणि टब जागचा हलत नाही किंवा कसाबसा वेग घेतो. ब्रेक मोकळा असेल तर संशय यावर घ्यावा. हा भाग साधारण शंभर-दोनशे रुपयांत मिळतो. बदलताना जुन्यावर जो मायक्रोफॅरडचा आकडा छापलेला असेल तोच घ्यायचा. मोठा बसवला की जोर वाढतो ही दुकानातली समजूत खोटी आहे, त्याने मोटर तापते. आणि प्लग काढल्यावरही कंडेन्सरमध्ये वीज साठून राहू शकते, म्हणून हे काम माहितगाराकडूनच करून घ्यावं.

व्होल्टेजचाही वाटा असतो. अशा मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे घटतो. २३० ऐवजी १८० व्होल्ट मिळाले तर जोर साठ टक्क्यांवर येतो. ड्रायर सकाळी बरा आणि संध्याकाळी मंद चालत असेल, तर मशीन खोलण्याआधी व्होल्टेज मोजा.

‘ड्रायर नाचतो म्हणजे बेअरिंग गेलं’ असं लगेच ठरवू नये. बहुधा एका बाजूला भिजलेली चादर आणि दुसऱ्या बाजूला दोन बनियन असतात. कपडे सुटे करून टबाच्या कडेने सारखे दाबायचे आणि वरून जाळीचं झाकण बसवायचं. सामाईक मशीनमधून ही जाळी सगळ्यांत आधी हरवते. जास्त वेळ फिरवल्याने जास्त पिळलं जातं असंही नाही. टबाने पूर्ण वेग घेतला की बहुतेक पाणी पहिल्या काही मिनिटांतच जातं.

आपल्या जिल्ह्याचं एक खास कारणही आहे. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोदकडचा पूर्णाकाठचा भाग खारपाणपट्ट्यात येतो. बोअरचं ते क्षारी पाणी वापरलं की टबावर पांढरा थर चढतो. टबाखाली पाणी अडवणारं रबरी बेलो असतं, त्यावरही तो जमून रबर कडक होतं, चिरतं, आणि पाण्याचे थेंब थेट खालच्या मोटरवर पडू लागतात. मोटर खरोखर जळते ती अशी. मशीनखाली ड्रायरच्या बाजूला पाणी दिसलं तर ते ‘सांडलं असेल’ म्हणून पुसून सोडू नका. बेलो वेळेत बदललं तर मोटर वाचते. थर काढायला लिंबाचं फूल कोमट पाण्यात विरघळवून वापरावं. ॲसिड ओतू नये.

जुन्या मशीनचे पार्ट मिळत नाहीत, ही तक्रारही नेहमी ऐकू येते. कंडेन्सर, टायमर, ब्रेकची तार, बेलो हे भाग अनेक कंपन्यांच्या मशीनना चालणाऱ्या मापांत मिळतात, जुना नमुना सोबत न्यायचा. केंद्र सरकारने २४ डिसेंबर २०२२ रोजी दुरुस्तीच्या हक्कासाठी स्वतंत्र पोर्टलही सुरू केलं आहे आणि त्यात घरगुती उपकरणांचा समावेश आहे.

ज्यांची मुलं परदेशात आहेत त्यांच्यासाठी दोन शब्द. तिथल्या सामाईक लॉन्ड्रीतला ड्रायर गरम हवेचा असतो, त्याचं दुखणं वेगळं. तो वाळवेनासा झाला की हीटरला दोष दिला जातो, पण आधी जाळीत आणि हवेच्या नळीत साठलेला कापडाचा भुसा पाहावा. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २००८ ते २०१० या काळासाठी दिलेल्या अंदाजानुसार घरगुती ड्रायरमुळे वर्षाला सुमारे २९०० आगी लागल्या आणि ३४ टक्के आगींचं मुख्य कारण साफसफाई न करणं हे होतं.

सगळ्यात घातक समजूत शेवटी सांगतो, कारण ती कपड्यांपुरती राहत नाही. झाकणाखालचा स्विच खराब झाला की ड्रायर सुरूच होत नाही. तेव्हा ‘स्विच काय कामाचा, वायर थेट जोडून टाका’ असा सल्ला मिळतो. तसं जोडलं की झाकण उघडलं तरी मोटर बंद होत नाही, आणि ब्रेक लागत नसेल तर टब सेकंदाला २२ फेऱ्यांच्या वेगाने फिरत राहतो. ओढणीचं टोक किंवा शर्टाची बाही हाताला गुंडाळली गेली तर माणसाला हात मागे घ्यायलाही सवड मिळत नाही. सामाईक मशीनवर हे करणं अक्षम्य आहे. पुढे कपडे टाकायला येणाऱ्याला ते माहीतच नसतं. तसंच प्लगची तिसरी पिन तोडणं. ओल्या फरशीवर उभं राहून मशीनला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर तो किरकोळ झटका नव्हे. अर्थिंग तपासा आणि त्या जागी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या.

तुमच्या इमारतीतला ड्रायर झाकण उघडं ठेवूनही फिरत असेल, तर आजच त्याचा प्लग काढा, वर ‘वापरू नये’ अशी चिठ्ठी लावा आणि स्विच बसवल्याशिवाय तो कोणालाही चालू करू देऊ नका.