टोकियोतील हारीती आणि मेजिरोचे महिला विद्यापीठ

महाराष्ट्रातून जपानला जाणाऱ्या सहलींत टोकियोच्या वाट्याला सहसा दोन-तीन दिवस येतात, आणि ते आसाकुसाचे सेन्सो-जी मंदिर, शिबुयाचा गजबजलेला चौक आणि एखाद्या उंच मनोऱ्यावरून शहराचे दर्शन एवढ्यातच सरतात. ही स्थळे पाहण्याजोगी आहेत यात शंका नाही. परंतु मराठी माणसाशी ज्यांचे जुने नाते आहे अशी दोन ठिकाणे शहराच्या वायव्य भागात, एकमेकांपासून पायी पाव तासाच्या अंतरावर आहेत, आणि त्यांचा उल्लेख सहलीच्या पत्रकांत क्वचितच आढळतो. पहिले झोशिगाया वस्तीतील किशिमोजिन या देवीचे मंदिर आणि दुसरे मेजिरोदाई टेकडीवरील जपान महिला विद्यापीठ.

तेथे पोहोचणे सोपे आहे. टोकियोच्या मध्यभागाभोवती यामानोते नावाचा ३४.५ किलोमीटरचा वर्तुळाकार लोहमार्ग फिरतो. त्यावरील ३० स्थानकांपैकी मेजिरो हे एक असून दोन्ही ठिकाणे तेथून चालत गाठता येतात. मात्र सवड असल्यास वासेदाहून सुटणारी ट्राम घ्यावी. मुंबईची ट्राम १९६४ मध्ये बंद झाली; टोकियोनेही आपल्या विस्तीर्ण ट्रामजाळ्यातील बहुतेक मार्ग मोडीत काढले, पण वासेदा ते मिनोवाबाशी हा १२.२ किलोमीटरचा मार्ग टिकला, आणि एका डब्याची ती गाडी घरांच्या परसांना जवळजवळ घासत किशिमोजिनच्या थांब्यावर आणून सोडते.

थांब्यापासून मंदिरापर्यंत केयाकी नावाच्या उंच, जुन्या वृक्षांची रांग आहे. मंदिराची मुख्य लाकडी वास्तू १६६४ सालची असून १९२३ चा महाभूकंप व दुसऱ्या महायुद्धातील बॉम्बवर्षाव या दोन्हींतून ती वाचली, हे या शहराचा इतिहास पाहता मोठेच भाग्य म्हटले पाहिजे. प्रांगणात सहाशे वर्षांहून जुना मानला जाणारा गिंको वृक्ष आहे आणि त्याच्याजवळ १७८१ पासून चालत आलेले, मुलांच्या गोळ्या-बिस्किटांचे एक लहानसे दुकान. हे दुकान तेथे असणे योग्यच आहे, कारण किशिमोजिन ही बाळंतिणींची आणि लेकरांची देवी होय. संस्कृत ग्रंथांत तिचे नाव हारीती.

बौद्ध कथेनुसार हारीती ही राजगृहाची यक्षिणी. तिला पाचशे मुले होती आणि ती नगरातील लोकांची मुले पळवून खात असे. बुद्धाने तिचे सर्वांत धाकटे मूल आपल्या भिक्षापात्राखाली दडवले, तेव्हा ते शोधत ती वेडीपिशी झाली; पाचशेंपैकी एक हरवल्यावर आईची ही गत होते, तर एकुलते एक गमावणाऱ्या आईचे काय होत असेल, असे बुद्धाने विचारल्यावर तिने हिंसा सोडली आणि ती बालकांची रक्षक झाली. सद्धर्मपुंडरीक सूत्रात ती धर्माचे पालन करणाऱ्यांच्या रक्षणाची शपथ घेते, आणि याच सूत्राला सर्वोच्च मानणाऱ्या निचिरेन पंथामुळे, म्हणजे तेराव्या शतकातील निचिरेन या भिक्षूच्या अनुयायांमुळे, जपानात तिची उपासना दृढ झाली.

अहिल्यानगरच्या प्रवाशाला हीच हारीती शेजारच्या जिल्ह्यातच भेटलेली असते, पण बहुधा ओळख पटलेली नसते. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात मुख्य गाभाऱ्याच्या उजवीकडील छोट्या देवालयात ती आपला पती पांचिक याच्यासह बसलेली आहे, आणि तिच्या आसनाखालच्या पट्टीवर एक शाळा कोरलेली आहे: छडी घेतलेले पंतोजी, पुढे अभ्यासाला बसलेली काही मुले आणि मागे अभ्यास सोडून खेळात रमलेली बाकीची. घराघरांत श्रावणी शुक्रवारी पुजल्या जाणाऱ्या जिवतीच्या कागदावरही नरसिंह, कालियामर्दन आणि बुध-बृहस्पती यांच्याबरोबर लेकुरवाळ्या जरा-जिवंतिका असतात; त्यांतील जरा ही महाभारतातील मगधाची, म्हणजे त्याच राजगृहाच्या परिसरातील, राक्षसी असून दोन शकले जोडून तिने जरासंधाला जीव दिला. जिच्यापासून मुलांच्या जिवाला भय, ती शक्तीच पूजेने मुलांची राखणदार होते, ही श्रद्धा दोन्हीकडे इतकी सारखी आहे की झोशिगायाच्या पायरीवर उभ्या असलेल्या मराठी स्त्रीला तेथील विधी समजावून सांगण्याची फारशी गरज पडणार नाही. तेथे नवस लिहून टांगायच्या लाकडी पाट्यांना एमा म्हणतात आणि त्यांवर डाळिंब रंगवलेले असते, कारण दाणेदार डाळिंब हे संततीचे प्रतीक म्हणून या देवीच्या हाती दिले जाते. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने ज्या फळाचे ‘भगवा’ वाण दिले आणि संगमनेर-राहात्याच्या शेतकऱ्यांनी ज्याच्या बागा जोपासल्या, ते फळ येथे देवीची खूण म्हणून भेटावे, ही नगरच्या माणसाला सुखावणारी गोष्ट आहे.

मंदिरापासून आग्नेयेकडे गेल्यास जपान महिला विद्यापीठ लागते. जिन्झो नारुसे यांनी ते १९०१ मध्ये स्थापन केले. स्त्रीला आधी माणूस म्हणून, मग स्त्री म्हणून आणि राष्ट्राची घटक म्हणून शिक्षण द्यावे, ही त्यांची भूमिका होती. या संस्थेची माहितीपुस्तिका जपानचा प्रवास करून आलेले काशीचे शिवप्रसाद गुप्त यांनी धोंडो केशव कर्वे यांना पाठवली, आणि डिसेंबर १९१५ मध्ये मुंबईच्या सामाजिक परिषदेचे अध्यक्षपद आल्यावर कर्व्यांनी तिच्या आधारे महिला विद्यापीठाची कल्पना मांडली. पुढच्याच वर्षी पाच विद्यार्थिनींवर ते सुरू झाले. नारुसे व कर्वे दोघेही १८५८ मध्ये जन्मले, पण नारुसे १९१९ मध्ये निवर्तले आणि कर्वे टोकियोला पोहोचले ते १९३० मध्ये, युरोप-अमेरिकेचा प्रवास आटोपून परतताना, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी. स्त्रियांसाठी वेगळा अभ्यासक्रम हा कर्व्यांनी जपानी संस्थेकडून घेतलेला विचार आज अपुरा वाटतो. मातृभाषेतून उच्च शिक्षण देण्याचा आग्रह मात्र आजही धाडसी वाटावा असा आहे. कायद्याने विद्यापीठाचा दर्जा मेजिरोच्या संस्थेला १९४८ मध्ये आणि कर्व्यांच्या संस्थेला १९५१ मध्ये मिळाला.

स्त्रीशिक्षणाच्या इतिहासाची सुरुवातीची काही पाने नगरमध्ये लिहिली गेली, हे येथे सांगितलेच पाहिजे. अमेरिकन मिशनच्या सिंथिया फरार १८३९ पासून नगरला मुलींच्या शाळा चालवत होत्या. त्या पाहून जोतीराव फुले यांना पुण्यात शाळा काढण्याची प्रेरणा मिळाली आणि सावित्रीबाईंनी अध्यापनाचे धडे याच फरारबाईंकडे घेतले.

मेजिरोच्या विद्यापीठाच्या आवारात १९०६ मध्ये उभारलेले आणि आज नारुसे स्मारक म्हणून ओळखले जाणारे सभागृह आहे. आवार शिक्षणाचे असल्याने प्रवेशद्वारापाशी विचारूनच आत जावे. शाकाहारी प्रवाशांनी एक काळजी घ्यावी: भाज्यांच्या रश्शातही बहुधा सुक्या माशाचा अर्क असलेली दाशी असते, म्हणून दिसण्यावर न जाता विचारून घ्यावे. झोशिगायाच्या मंदिरातील ओएशिकी उत्सव १६ ते १८ ऑक्टोबरला असतो आणि त्या रात्री कागदी फुलांनी सजवलेल्या दिव्यांच्या मिरवणुका ढोल वाजवत मंदिराकडे येतात. ती तारीख साधली नाही, तर दिवाळीनंतर निघणाऱ्यांनी नोव्हेंबरची अखेर निवडावी, कारण टोकियोतील गिंको वृक्ष तेव्हा पूर्ण पिवळे झालेले असतात.